पट्टीखालचा रंग

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचाच्या मधोमध एक पांढरी मालाची गाडी आहे. बॉनेट उघडं, आणि त्यात कमरेपर्यंत वाकलेली एक बाई. डावीकडे अर्धं वर ओढलेलं शटर. उजवीकडे अवजारांची फळी. प्रत्येक पान्याच्या मागे त्याच्याच आकाराची रेघ, म्हणजे कोणता जागेवर नाही ते लांबूनही दिसावं. मागच्या खुर्चीत तिचा नवरा, उजवा हात मांडीवर ठेवून. प्रकाश सकाळी दहाचा. गॅरेजसमोरच्या जिन्याच्या पायरीवर बसून मी हा प्रवेश पाहिला. नायिका पुष्कळ पाहिल्या मी, पण प्रेक्षकांकडे पाठ करून इतका वेळ रंगमंच धरून ठेवणारी हीच.

सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणतात. पूर्वी ते नाव नुसतं मिस्त्रींची बायको म्हणून होतं. मिस्त्री गाड्यांची वायरिंग करायचे, आणि त्याहून रंगाचे वेडे. गाडी नुसती दुरुस्त करून देणं त्यांना जमायचंच नाही. बॉनेटखालचा गंजका पत्रा घासायचा, त्यावर रंगाचे दोन हात द्यायचे, मगच चावी परत. गिऱ्हाइकं म्हणायची, "यांच्याकडून गाडी माहेरपण करून आल्यासारखी येते." दीड वर्षापूर्वी लकव्याचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. वीस वर्षं त्यांच्या शेजारी टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या बाईने त्या दिवसापासून पाना हातात घेतला. काम तिला येत होतं. पण गिऱ्हाइकांचा विश्वास बसेना. एकेक करून पांगली. राहिले एक बेकरीवाले, सगळ्यांत जुने. तेही गेले तर शटर कायमचं खाली, हे त्या घरात न बोलता दोघांना माहीत होतं.

आणि त्या सकाळी बेकरीवालेच चिडले होते.

"वहिनी, चार दिवसांपूर्वी नवी बॅटरी घातलीत. आज पुन्हा तेच. चावी फिरवली की टक् म्हणते आणि गप्प. पाव काय डोक्यावर घेऊन हिंडू?"

"हिंडा. लोक थांबून बघतील, खप वाढेल."

ते हसले नाहीत. "मोठ्या वर्कशॉपला फोन केलाय. ओढून न्यायला गाडी चारला येतेय. ते म्हणतात, स्टार्टर बदलावा लागेल."

"न बघताच? ज्योतिषी ठेवलाय वाटतं."

"चारपर्यंत तुमची, वहिनी. मग त्यांची." एवढं बोलून ते निघून गेले.

मिस्त्री खुर्चीतून म्हणाले, "अगं, दुसरी बॅटरी लावून बघ. नवीसुद्धा फुसकी निघते कधीकधी."

"अंदाज एकदा करून झाला. आता मोजल्याशिवाय कशाला हात लावणार नाही."

मग तिने मोजायला घेतलं. बॅटरी ठणठणीत. दिवे लख्ख, हॉर्न तर असा वाजला की मीच दचकलो. स्टार्टर खाली उतरवून त्याला बाकावर सरळ बॅटरी जोडली. तो गरागरा फिरला. ज्योतिषी खोटा ठरला. स्टार्टर परत बसवला. बॅटरीपासून त्याच्यापर्यंत येणारी जाड तार पाहिली, तीही निर्दोष. दोन वाजले.

"जेवून घे," मिस्त्री म्हणाले.

"भूक कुठे पळून जातेय? गाडी जाईल."

ती मीटर हातात धरून थोडा वेळ नुसती उभी राहिली. वीज स्टार्टरपर्यंत जात होती, हे कळलं होतं. पण गेलेल्या विजेला परतही यावं लागतं: इंजिनाच्या लोखंडातून, तिथून तांब्याच्या एका विणलेल्या पट्टीने गाडीच्या पत्र्यावर, आणि पत्र्यावरून बॅटरीत. तिने मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा खुणेच्या खुंटीला लावलं, दुसरं इंजिनाला.

"अहो, चावी फिरवा जरा."

मिस्त्रींनी आत बसून डाव्या हाताने चावी फिरवली. टक्. काटा शून्याजवळ राहायला हवा होता, तो नऊ व्होल्टवर गेला. म्हणजे परतीची वाटच अडलेली.

पट्टी वरून तर चांगली दिसत होती. तिने बोल्ट सोडला, पट्टी बाजूला केली. खाली राखाडी रंग, गुळगुळीत, दोन हातांचा. रंगातून वीज जात नाही. इतके दिवस बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी जात होती. आता तेही गंजले होते. नवी बॅटरी बसवताना बसलेल्या हिसक्यांनी गंज थोडा हलला असणार, म्हणून चार दिवस गाडी चालली.

"इकडे या," ती म्हणाली.

मिस्त्री आले, वाकले. बराच वेळ सरळ झाले नाहीत.

"माझाच ब्रश," ते म्हणाले. "घाई केली. खालचा पत्रा उघडा ठेवायचा राहिला." मग हळूच, "त्यांना सांगू नकोस. पट्टी सडली होती म्हण. माझं तेवढंच नाव उरलंय."

तिने पॉलिश कागदाचा तुकडा त्यांच्या डाव्या हातात ठेवला. "घासा आधी."

त्यांनी घासलं. वेडंवाकडं, पण पत्रा चमकेपर्यंत. तिने आटे साफ केले, पट्टी आवळली. चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या हाकेला ओ देऊन सुरू झाली.

चारला बेकरीवाले आले, मागोमाग ओढायची गाडी. चालू इंजिनाचा आवाज ऐकून ते शटरखालीच थांबले.

"काय निघालं?"

"पट्टी—" मिस्त्रींनी सुरुवात केली.

"पट्टीखाली रंग होता," ती म्हणाली. "आम्हीच दिलेला."

"मिस्त्रींनी?"

"आमच्या गॅरेजने."

मिस्त्री मान खाली घालून उभे होते. बेकरीवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग बाहेर जाऊन ओढायच्या गाडीवाल्याला हाताने जा म्हणून खूण केली. परत आत येऊन त्यांनी बॉनेटमध्ये डोकावलं.

"मग बॅटरीचं काय झालं होतं?"

मिस्त्रीणबाईने हात पुसले.

"काही नाही. तुमची जुनी चांगलीच होती, मी न मोजता बदलली. आत ठेवलीय, पाच मिनिटं बसा, तीच परत बसवून देते."