शिडीविरुद्ध तीन मतं

अन्याय झाला तो माझ्या आईवर. दोन हजार चार साली, रंगपंचमीच्या आधीच्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, आमच्याच दिवाणखान्यात. अन्याय करणारी व्यक्ती: मी. (आधी नाव छापायचं, मग बोंब मारायची, हे मी पत्रकं लिहितानाच शिकले.)

बाबांचा नाशिकला, सातपूरमध्ये छोटा कारखाना. ब्याण्णव साली एक मोठी ऑर्डर मिळाली, त्या आनंदात त्यांनी परसात पोहण्याचा तलाव बांधला. घरात कुणालाही पोहता येत नव्हतं! बारा वर्षांत फरशा सुटल्या, फिल्टर बंद पडला, शिडी गंजून निखळली आणि पाणी रोज चार बोटं उतरू लागलं. बाबा म्हणाले, "यंदा एकच काम होईल. कुठलं ते ठरवा."

आईचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. "मला फक्त शिडी द्या," ती म्हणाली. "बाकी तलाव कसाही असू दे."

मी उभी राहिले. (बसून बोलायची मला सवयच नव्हती.) "शिडी ही चैन आहे! गळती हा सामाजिक प्रश्न आहे! मी गावभर 'पाणी वाचवा'ची पत्रकं वाटायची, आणि आपल्याच घरचं पाणी जमिनीत?"

"जमिनीतच जातंय ना? कुणी पळवत तर नाही."

मी मतदान घेतलं. बाबा, काका (कशालाही हात वर करणारे) आणि मी गळतीच्या बाजूने. आई एकटी.

गळती नेमकी कुठे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शास्त्रीय उपाय काढला: पाण्यात रंग टाकायचा आणि तो कुठल्या भेगेकडे ओढला जातो ते बघायचं. घरात दोन किलो गुलाबी रंग होता. (दोन चमचे पुरले असते, हे नंतर कळलं.) सगळे घरी असतील म्हणून मी दिवस निवडला रंगपंचमीचा.

आता, जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीतला रंगाने भरलेला हौद; लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे धाडकन उडी! अशा गावच्या माणसाला त्याच दिवशी गुलाबी तलाव दाखवा आणि सांगून बघा, हा प्रयोग आहे म्हणून. शेजारचे शिंदेकाका कुंपणावरून डोकावले आणि गल्लीकडे वळून ओरडले, "अरे या रे, यांनी रहाड उघडली!"

पाच मिनिटांत निम्मी कॉलनी परसात. मी काठावर हात पसरून उभी. "थांबा! प्रयोग चालू आहे!"

"मग पहिला मान तुझाच, बाई," म्हणत शिंदेकाकूंनी मला ढकललं. पाठोपाठ सगळे. काका. बाबासुद्धा, चष्म्यासकट!

अर्ध्या तासाने भूक लागली, तेव्हा लक्षात आलं. पाणी छातीपर्यंत, काठ डोक्याच्या वर, भिंतींना शेवाळ. शिंदेकाकूंनी आमच्या काकांच्या खांद्यावर पाय दिला, दोघंही बुडाली. वर फक्त आई. खुर्चीत, भजी खात.

"आई, माळ्यावर चढायची शिडी आण!"

"शिडी चैन आहे," आई म्हणाली. "रविवारी ठराव झालाय."

"अगं, मी गारठलोय," बाबा म्हणाले.

"मग पुन्हा मत घेऊ. शिडीच्या बाजूने कोण कोण?"

अठ्ठावीस गुलाबी हात वर गेले. शिंदेकाकूंनी दोन्ही वर केले. माझाही वर आहे ना, हे आईने चष्मा लावून पाहिलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली. शिडी फरफटत आणायला तिला दहा मिनिटं लागली. दर दोन पावलांवर ती थांबत होती, ते आम्हाला खालून ऐकू येत होतं.

आठवड्याभरात नवी स्टीलची शिडी बसली. आई आता रोज सकाळी उतरते, अर्धा तास चालते. गळती अजून सापडलेली नाही. पुढचे पंधरा दिवस मी गुलाबी कानांनी 'पाणी वाचवा'ची पत्रकं वाटली. इतक्या आवडीने लोकांनी ती कधीच घेतली नव्हती!

तेव्हा वाचकहो, मागणी एकच. हे वाचणं ठेवा बाजूला, आणि आईला विचारा, घरातलं काय दुरुस्त करून हवंय. ती सांगेल ते खाली बसून ऐका. उभं राहायचं नाही!