जवळ्याच्या पाण्यावर वाढलेली बुरशी

पत्रक मीच लिहिलं होतं. बाबांनी खाडीसाठी आयुष्यभर पत्रकं काढली. मी अक्षरं शिकले ती उरलेल्या गठ्ठ्यांवर. त्यामुळे ‘ही बुरशी खाडीतलं नायट्रेट खाऊन टाकेल’ असं छापताना मला भीती वाटली नाही. सातपाटीत घरोघर वाटलं. रविवारी बोंबील वाळवायच्या वलांडींपाशी बायकांना बुरशी दाखवायची होती.

पालघरच्या कॉलेजात या बुरशीने फ्लास्कमधलं नायट्रेट संपवलं होतं. मग बोईसरच्या एका कारखान्यामागच्या, खाडीत येणाऱ्या नाल्याचं पाणी आणून मी दोन बरण्या भरल्या आणि त्यांत बुरशी सोडली. एक ओट्यावर ठेवली, एक कपाटावर.

शनिवारी सकाळी ओट्यावरच्या बरणीत नायट्रेट तपासायची पट्टी बुडवली. गर्द गुलाबी. नायट्रेट होतं तेवढंच. बुरशी मात्र सायीसारखी जाड, आणि वास जवळ्याचा.

आय म्हणाली, “रोज घोटभर जवळ्याचं पाणी घालते. जीव हाय ना तो? उपाशी कसा ठेवू?”

मी तिच्यावर ओरडले. बुरशी नायट्रेटला नाइलाजानेच हात लावते. ते पचवणारी जनुकं चालू करायला तिच्यात एक प्रथिन असतं. पण अमोनियासारखं सोपं अन्न मिळालं की ते गप्प बसतं आणि जनुकं बंदच राहतात. सुकटीच्या पाण्यात ते सोपं अन्न भरपूर असतं. हे सगळं मी तिला तावातावाने सांगितलं. ती खाली मान घालून जवळा निवडत राहिली.

मग कपाटावरची बरणी काढली. तिला आयचा हात लागला नव्हता. तिचीही पट्टी गुलाबी.

नाल्याच्या पाण्यातला अमोनिया तेव्हा कुठे तपासला. तपासणीच्या औषधाचे थेंब टाकताच पाणी हिरवंगार, म्हणजे अमोनिया भरपूर. कॉलेजात मी नुसतं नायट्रेट घातलं होतं. नाला स्वतःच बुरशीला पोसत होता. कॉलेजातल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ज्यांच्यात हे प्रथिन गप्प बसत नाही असे बुरशीचे वाण आहेत, पण ते प्रयोगशाळेबाहेर काढता येणार नाहीत. मलाही ते ठाऊक होतं.

कॉलेजातला तो फ्लास्क घरात होता. त्यात बुडवली तर पट्टी पांढरी राहिली असती, आणि कोणाला कळलं नसतं.

रविवारी मी नाल्याचीच बरणी नेली. पट्टी सगळ्यांसमोर गुलाबी झाली. पत्रक खोटं आहे, परत द्या, म्हटलं. एक म्हातारी हसली. “आयतं खायाला गावल्यावर कोण मरतंय कामाला?” मग हसू आवरून तिने विचारलं, “आन् आमची खाडी?”

पत्रकं गोळा होत गेली.

घरी येताना आयने हळूच विचारलं, “मी जवळ्याचं पाणी घातलं नसतं तर?”

“तरी नाय, आय.”

तिने मान हलवली. मला वाटलं, तिला बरं वाटेल. पण ती वाटेतच खाली बसली. “माझी चूक असती तर खाडी तरी वाचली असती,” ती म्हणाली.