गॅनेट बेटाची सही

हंगामाच्या पहिल्याच दिवशी, सगळ्या गावादेखत, जिनं तुमची होडी परत फिरवली, तिच्या नावाची शिफारस तुम्ही कराल का? उगाच मोठेपणा नको, खरं सांगा. गॅनेट बेटावरच्या व्हर्ना टोलमननं हाच प्रश्न गावापुढं टाकला, आणि गावानं तिला वेड्यात काढलं.

तिला वेड्यात काढणं बेटाला नवं नव्हतं. शाळा अर्धवट सोडून ती बापाच्या होडीवर उभी राहिली. शेवंडांचे पिंजरे ओढायचे, त्यात शिळ्या हेरिंग माशांचं आमिष कोंबायचं, परत पाण्यात ढकलायचे. त्या आमिषाचा वास हाताला असा चिकटला की नवऱ्यानं घर सोडताना कारण तेच दिलं. "वास माझ्या हाताला, आणि नाक तुझं नाजूक," असं म्हणून तिनं त्याची बॅग स्वतः धक्क्यावर नेऊन ठेवली. पुढं टपालाची बोट हिवाळ्यात बंद करायचं वरच्यांनी ठरवलं, तेव्हा तिनं जिल्ह्याच्या कचेरीत असा तमाशा केला की बोट चालू राहिली. बेटावरची शाळा मिटवायला आलेला माणूस तर तिनं दारातूनच परतवला. तिचा राग म्हणजे रॉकेलचा भडका. पण त्याच भडक्यावर बेटानं किती वेळा हात शेकून घेतले, ते कुणी बोलत नाही.

तर त्या नोव्हेंबरात रेडिओवर बातमी आली. देशाच्या अंतर्गत सुरक्षेचं खातं, ज्याच्या हाताखाली सीमा येते, विमानतळ येतात, पूर-वादळातली मदत येते आणि तटरक्षक दलही येतं, त्या खात्याच्या प्रमुखपदासाठी राष्ट्राध्यक्षांनी रोझलिन केंड्रिक हिचं नाव पुढं केलं होतं. नाव ऐकताच शेवंड-सोसायटीच्या खोलीत कॉफीचे कप जागच्या जागी थांबले.

केंड्रिकला बेट चांगलं ओळखत होतं. तरुणपणी ती समोरच्या किनाऱ्यावरच्या तटरक्षक ठाण्याची प्रमुख होती. आणि बेटाची एक रीत आहे: एक डिसेंबरला सगळ्या होड्या एकदम निघतात. एक जण जरी तयार नसला, कुणाचं इंजिन बिघडलं, कुणाची कंबर धरली, तरी सगळे थांबतात. एकट्यानं पुढं जाऊन चांगली जागा पकडायची नाही. त्या वर्षी सगळ्या होड्या पिंजऱ्यांनी लादून निघाल्या, आणि केंड्रिकची बोट आडवी आली. थंड पाण्यात पडल्यावर जीव तगवतो तो जाड रबरी पोशाख तिनं एल्विन प्रॉक या होडीवाल्याला डेकवर घालून दाखवायला लावला. चेन लागेना. ओढता ओढता चेनीची पट्टी एल्विनच्या हातात आली.

"परत फिरा," केंड्रिक म्हणाली.

एल्विन फिरला, म्हणून रीतीप्रमाणे सगळं बेट फिरलं. दुपारी वायव्येचा वारा असा उठला की धक्क्यावर उभं राहवेना. पण गाव तो वारा विसरलं. लक्षात राहिली एल्विनची फजिती. "एल्विन, चेन लावलीस का रे?" हा टोमणा तेव्हापासून त्याच्या मागं लागला तो लागलाच. चर्चमध्येसुद्धा.

आता राज्याच्या सिनेटरनं निरोप धाडला होता. या नेमणुकीवर त्याला मत द्यायचं होतं. मोठमोठ्या संघटनांचे पाठिंबे त्याच्या टेबलावर येऊन पडले होते, पण त्याला ऐकायचं होतं ते या लोकांचं. या बाईच्या हातात पहिल्यांदा अधिकार आला तो ज्यांच्यावर चालला, त्या लोकांचं.

व्हर्नानं पाठिंब्याचा मजकूर लिहून काढला. पण बेटाच्या नावानं जाणाऱ्या कागदालाही तीच रीत लागू: सगळ्या तांडेलांची, म्हणजे होडीप्रमुखांची, सही, नाहीतर कागद जात नाही.

शनिवारी चर्चच्या तळघरात बीन्स आणि ब्राउन ब्रेडचं जेवण झालं आणि सभा बसली.

"तिनं आपली होडी अडवली," व्हर्ना म्हणाली. "पुढच्याच उन्हाळ्यात स्वतःच्या वरिष्ठाच्या मेव्हण्याची नौकासुद्धा अडवली, तेही आपण पाहिलंय. सुरक्षेच्या खुर्चीत बसणाऱ्याला आणखी काय यावं लागतं? ओळखीच्या माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे."

स्वतःच्या बापाचं ती बोलली नाही. तोही अशाच एका सकाळी निघाला होता, आणि त्याला अडवायला कुणी नव्हतं; तो परत आलाच नाही. बोलायची गरजही नव्हती. तळघरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. सोसायटीचा अध्यक्ष क्लेटन, त्यानं आधी हात वर केला. मग एकेक हात वर गेला. एल्विनचे दोन्ही हात खिशात.

"बसू दे तिला खुर्चीत," तो म्हणाला. "माझ्या खांद्यावर पाय ठेवून कशाला?"

"खांदा?" व्हर्नाचा भडका उडाला. "तुला साधी चेन लावता आली नाही, आणि खांद्याच्या गोष्टी करतोस?"

तळघर हसलं. एल्विननं टोपी घातली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि निघून गेला.

"शाब्बास," क्लेटन म्हणाला. "काठाला लागलेली होडी बुडवावी तर तूच."

व्हर्नानं कागदाची घडी घालून तो जाकिटात कोंबला.

एक डिसेंबर उजाडला. होड्यांवर पिंजऱ्यांच्या राशी, बर्फाळ धक्का, सगळीकडे डिझेलचा वास. व्हर्नाची भाची ओपल यंदा पहिल्यांदा स्वतःच्या होडीची तांडेल झाली होती, आणि व्हर्ना तिची खलाशी. क्लेटन बिनतारी यंत्रावरून एकेकाला विचारू लागला.

"ओपल?"

"तयार."

"एल्विन?"

"नाही."

"इंजिन?"

"इंजिन ठणठणीत आहे. मी तयार नाही."

सगळ्या होड्या थांबल्या. एल्विन आपली होडी ओपलच्या होडीला लावून सरळ तिच्या डेकवर उतरला.

"रबरी पोशाख बाहेर काढ, पोरी. घालून दाखव."

"आत्या, हे काय?" ओपल म्हणाली.

"सूड आहे हा," व्हर्ना म्हणाली. "माझ्यावरचा राग पोरीवर काढतोस होय रे?"

ओपलनं पोशाख चढवला. चेन छातीपर्यंत आली आणि साठलेल्या मिठानं अडकली. तो व्हर्नाकडे वळला. "तुझा?"

व्हर्नानं तावातावानं स्वतःचा पोशाख पिशवीतून काढला, पाय घातले, हात घातले, चेन ओढली. ती पोटावरच अडली. सभेत सुरक्षेवर भाषण ठोकणाऱ्या बाईनं वर्षभरात ती पिशवी उघडलीच नव्हती.

एल्विननं खिशातून मेणाचा तुकडा काढला. झिजून झिजून त्याला अंगठ्याएवढा खड्डा पडलेला. गुडघे टेकून तो ओपलच्या चेनीचे दात एकेक करून घासू लागला.

"हे कधीपासून करतोस?" व्हर्नानं विचारलं.

"तेव्हापासून."

"कुणी शिकवलं?"

"तुला माहीत आहे कुणी शिकवलं," एल्विन म्हणाला. "आता हाल नको, उभी राहा."

दोघींच्या चेनी हनुवटीपर्यंत सरकल्या. व्हर्ना तशीच, केशरी रबरात गुंडाळलेली, यंत्राकडे गेली आणि बटण दाबलं.

"सगळ्यांनी ऐका. आज होड्या थांबल्यात त्या व्हर्ना टोलमनमुळं. माझी चेन लागत नव्हती. एल्विननं लावून दिली. हसायचं असेल त्यानं आता मला हसावं. त्याला हसलात तर गाठ माझ्याशी आहे."

कुणीच हसलं नाही. मग क्लेटनचा आवाज आला, "व्हर्ना, चेन लावलीस का गं?" आणि सगळं बंदर हसलं. एल्विनही हसला. इतक्या वर्षांत प्रथमच ते हसू त्याच्यावर नव्हतं.

"कागद कुठाय?" त्यानं विचारलं.

कागद व्हर्नाच्या जाकिटात होता. एल्विननं आमिषाच्या पिंपाच्या झाकणावर तो पसरला. "माफ नाही करणार मी तिला. माफी वेगळी, सही वेगळी. आणि वर एक ओळ घाल: हिनं आम्हाला अडवलं."

व्हर्नानं ओळ घातली, एल्विननं सही केली. कागदाला हेरिंगचा वास लागला तो लागलाच.

"एल्विन?" क्लेटननं पुन्हा विचारलं.

"तयार."

सगळ्या होड्या एकदम सुटल्या, भोंगे असे वाजले की खडकांवरचे पक्षी उठले.

हिवाळ्यात सिनेटच्या सभागृहात तो कागद वाचला गेला. सोसायटीच्या खोलीत टीव्हीपुढं उभं राहायला जागा नव्हती. सिनेटरनं एल्विनची ओळ जशीच्या तशी वाचली आणि म्हणाला की माझं मत यातच आलं. केंड्रिकची नेमणूक पक्की झाली.

"केस पांढरे झाले तिचे," एल्विन पडद्याकडे बघत म्हणाला.

"तुझे तर उरलेच नाहीत," व्हर्ना म्हणाली, आणि कढईतलं सगळ्यात मोठं शेवंड त्याच्या ताटात टाकलं.

आता तुमची पाळी. तुम्हालाही कधीतरी कुणीतरी अडवलं असेल, चारचौघांत, ऐन मोक्याला. ते नाव आठवा. उद्या त्या माणसासाठी कुणी तुमच्या दारात कागद घेऊन आलं, तर त्या नावाला खुशाल चार शिव्या घाला, पण सही करा.