पाहुण्याला पोचवताना

युमुरातल्या गरम झऱ्यावरच्या एका लॉजमध्ये किनुएबाईंनी उभा जन्म पाहुण्यांच्या सरबराईत घालवला. पाहुणा अवेळी भात मागो की तिसऱ्यांदा उशी बदलून मागो, त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. आणि तो निघाला की दाराशी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकायचं, वळणाआड जाईपर्यंत डोकं वर काढायचं नाही, हा त्यांचा नेम.

आता वय चौऱ्याऐंशी. नवरा गेला, मुलगाही गेला. घरात सून चिहो तेवढी. महिन्यापूर्वी सासूला टबातून बाहेर काढताना चिहोची कंबर धरली, आणि तेव्हापासून किनुएबाई ओल्या फडक्याने अंग पुसत होत्या. झऱ्यांच्या गावात राहून ही कोरडी आंघोळ! त्यांचा जीव नुसता तळमळायचा. शेवटी चिहोने म्हाताऱ्यांसाठीच्या देखभाल विम्यातून मदत मिळावी म्हणून अर्ज केला. हप्ता पेन्शनमधून कापला जात होताच. मंजुरी मिळाली तर आंघोळ घालायला बाई येणार होती. त्याआधी नगरपालिकेचा माणूस घरी येऊन आजींची अवस्था बघणार होता.

“आई, जशा आहात तशाच बसा हं,” चिहोने बजावलं.

“अगं, पाहुण्यासमोर अशी गबाळी?”

नगरपालिकेचा निशिओका आला तेव्हा किनुएबाई ठेवणीतला किमोनो नेसून, पावडर लावून तयार.

“आजी, एकट्याने उठता येतं?”

“न यायला काय झालं?” असं म्हणत, देव जाणे कुठल्या बळावर, त्या उठल्यासुद्धा.

“आणि आंघोळ?”

“रोज करते की! तुम्ही आधी चहा घ्या, गार होतोय.”

चिहो कोपऱ्यात ओठ चावत बसली होती. पाहुण्यादेखत सासूला खोटं पाडायचं तरी कसं? विमा हातचा जाताना दिसत होता आणि तिला रडू फुटत होतं.

निशिओका निघाला. किनुएबाई दाराशी वाकल्या. तो वळणाआड गेला, जरा थांबला आणि परत फिरला. पाहुणा दिसेनासा झाल्याशिवाय इथली माणसं सैल होत नाहीत, हे त्याला नोकरीने शिकवलं होतं.

किनुएबाई तशाच वाकलेल्या. चिहो एका हाताने स्वतःची कंबर धरून दुसऱ्याने त्यांना ओढत होती.

“आजी, मी केव्हाच गेलो की!”

“कंगवा पडलाय, तो शोधतेय,” त्या जमिनीकडे बघतच म्हणाल्या.

“तो तुमच्या केसात आहे, आई!” चिहोला हसू आणि रडू एकदमच आलं.

निशिओका त्यांच्या शेजारी पायरीवर टेकला. “माझा निरोप झाला, आजी. आता मी पाहुणा नाही. सांगा, एकट्याने उठता येतं?”

किनुएबाईंनी डोकं वर काढलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “हात द्या.”

पुढे मंजुरी आली आणि आंघोळ घालणारी बाईही आली. किनुएबाई गळ्यापर्यंत गरम पाण्यात डोळे मिटून बसल्या होत्या.

“आजी, काढू का आता बाहेर?” बाईने विचारलं.

“नाही,” किनुएबाई म्हणाल्या. “नाही म्हणजे नाही.”