आडवी नळी

माझ्या पायाला भिंगरी आहे, तशी दादाच्याही होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. नोकरी लागल्यावर त्याने माउंटन बाइक घेतली. रोज नाशिक रोडहून एकलहऱ्याला कामावर त्याच सायकलवर, सुट्टीला पेठच्या घाटात. मागच्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. तो चालू लागला, पण उजवा पाय सायकलवरून पलीकडे जाईना. मग दिवसभर गॅलरीत बसून राहायचा. बसून बसून माणूस संपत चाललेला मला बघवत नव्हता.

गोची फ्रेममध्ये होती. त्या काळची माउंटन बाइक म्हणजे साध्या सायकलचंच दणकट रूप: टायर जाड, पण वरची नळी हँडलपासून सीटपर्यंत सरळ आडवी. उतारावर तोल गेला की ती नको तिथे लागायची. नंतरच्या मॉडेलांत नळी सीटकडे उतरत गेली, पुढच्या चाकाचा चिमटा लांबला, त्यात शॉकअप आले. असल्या फ्रेमना दादा घसरगुंडी म्हणायचा. तशी नवी घेऊन देते म्हटलं, तर तो उठून गॅलरीत गेला.

मग मी गप्प बसेन तर शपथ. वहिनीला सांगून सायकल उचलली आणि गेट बनवणाऱ्या वेल्डरकडे नेली. आधी खालून उतरती नळी जोडा, मगच वरची कापा, नाहीतर फ्रेम फाकेल, असं इतक्यांदा बजावलं की त्याने मला चहा प्यायला पिटाळलं. चहा कसला! टपरी ते दुकान येरझाऱ्या घालत राहिले. कटर चालला तेव्हा वाटलं, दादा पुन्हा माझ्याशी बोललाच नाही तर?

रंग द्यायलाही मला धीर नव्हता. संध्याकाळी तशीच पार्किंगमध्ये आणली. दादा काठी टेकत खाली आला. त्याने वेल्डिंगवरून बोट फिरवलं. वहिनीने हँडल धरलं. त्याने काठी माझ्याकडे दिली, पाय उचलला, आणि पाय पलीकडे गेला. तो सीटवर बसला. मी आनंदाने काठी उंचावली.

तो मात्र खाली, कापलेल्या जागेकडे बघत होता.

"आता तू कुठं बसणार?" त्याने विचारलं.

माझी सगळी प्राथमिक शाळा त्या नळीवर बसून झाली होती. कापायच्या घाईत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याच्या ध्यानात पहिल्यांदा तेच आलं.