गिल सरांचा पिळणारा-घासणारा मॉप

लोकांच्या ऑफिसात फायली साठतात, आमच्याकडे किस्से साठले. फाईल निदान कधीतरी पुढच्या टेबलावर सरकते. किस्सा जागचा हलत नाही! कुणी नवीन माणूस चहाला आला की पहिल्यापासून सांगावा लागतो, आणि सांगताना दर वेळी थोडा फुगतो. मी मात्र घडलं तस्सं सांगतेय. तरी कुठे फुगवलेलं वाटलं, तर तो दोष माझा नाही, घडवणाऱ्यांचा आहे.

मी सांगलीची. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, नवरा एअर फोर्समध्ये. त्याची बदली चंडीगडला झाली आणि मला इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या डिझाइन सेक्शनमध्ये कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं. सेक्शन म्हणजे आम्ही तिघं. रिटायरमेंटला टेकलेले गिल सर, माझ्यासारखाच कॉन्ट्रॅक्टवरचा मनजीत आणि मी. काम काय, तर असा मॉप बनवायचा जो स्वतःला पिळेल पण आणि फरशी घासेल पण. बादलीत हात घालायचा नाही, खाली बसायचं नाही.

ही बातमी मी मोठ्या उत्साहाने आईला फोनवर सांगितली.

"म्हणजे नक्की काय बनवतेस गं? विमान?"

"नाही गं आई, फरशी पुसायचं फडकं."

मग आई म्हणाली, "बरं. शेजारच्यांना मी विमानच सांगते!"

* * *

गिल सरांबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उंच, पांढरी दाढी, आवाज असा की जिन्यात बोलले तरी गच्चीवर ऐकू यावं. त्यांनी आयुष्यभर उपयोगाच्या वस्तू बनवल्या. मक्याचे दाणे काढायचं यंत्र, एका हाताने लिंबू पिळायचा चिमटा, चढावर मागे न घसरणारी ढकलगाडी. सगळ्यांचं कौतुक झालं, सगळ्यांना टाळ्या पडल्या आणि सगळ्या कॉरिडॉरमधल्या काचेच्या कपाटात जाऊन बसल्या.

पहिल्याच आठवड्यात मी त्या कपाटापुढे उभी राहून, हे कसं चालतं, ते कसं चालतं, असं विचारत होते. सरांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पाटील जी, तारीफ बहुत मिली. पर मेरी बनाई एक भी चीज़ किसी के घर में रोज़ नहीं चलती. जाने से पहले बस यही देखना है."

मला एकदम भरून आलं. मॉपचं काम मी तोपर्यंत नोकरी म्हणून करत होते, त्या दिवसापासून हट्टाने करायला लागले.

* * *

सरांचा पहिला प्रश्न होता, माणूस कपडा पिळतो कसा? मला वाटलं, यात काय विचारायचं? पिळतो म्हणजे पिळतो!

पण सरांनी बादली आणि टॉवेल ठेवला आणि चहाच्या सुट्टीत जो येईल त्याला पिळायला लावलं. काय सांगू, दोन माणसं सारखं पिळतील तर शपथ! कुणी उजवीकडे, कुणी डावीकडे, कुणी पिळताना दात आवळतंय, कुणी एक पाय उचलतंय. अकाउंट्सचे शर्माजी तर टॉवेल दाराच्या कडीला अडकवून पिळायला लागले. आमचा मनजीत जिम करणारा गडी. त्याने असा जोर लावला की टॉवेलचे दोन तुकडे झाले, आणि दोन्ही तुकडे ओलेच!

तेवढ्यात डायरेक्टर साहेब दिल्लीच्या पाहुण्यांना घेऊन आले. गिल सरांनी त्यांच्याही हातात टॉवेल दिला. साहेबांनी पाहुण्यांशी बोलता बोलता ऐटीत पिळला आणि सगळं पाणी पाहुण्यांच्या बुटांवर!

सर वाकून बुटांकडे बघत राहिले. म्हणाले, "देखा? पाणी कहां गिरेगा, ये पिळनेवाला कभी नहीं सोचता!" आता 'पिळनेवाला' हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचललेला, आणि पाहुण्यांसमोर तो मीच शिकवल्याचंही सांगून टाकलं.

* * *

पिळायचं जमलं. दांड्यावरची नळी खाली ओढली की फडकं आवळलं जायचं. मग खाली ब्रश बसवला. आता घासून बघायचं तर घाण हवी, आणि तीही रोज सारखीच हवी, नाहीतर आज बरं निघालं की उद्या, हे कळणार कसं?

मग आम्ही घाण बनवायला बसलो! मनजीतच्या घरची दाल मखनी, माझ्या घरची हळदीची फोडणी, कँटीनचा चहा, आणि आंधी आली की खिडकीत साठते ती धूळ. लॅबच्या फरशीवर चौकोन आखून सगळं मोजून-मापून फासलं, वाळायला ठेवलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तर फरशी आरशासारखी! डायरेक्टर साहेबांचा राउंड होता म्हणून हाउसकीपिंगवाल्यांनी सगळं चकाचक करून टाकलं होतं. असं पुन्हा झालं. मग तिसऱ्यांदाही झालं. एरवी ज्या कोपऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, तोच नेमका रोज पुसला जायला लागला.

शेवटी सर भडकले आणि दारावर मोठ्या अक्षरात बोर्ड लावला, "यह गंदगी सरकारी है. कृपया साफ़ न करें."

तो बोर्ड वाचायला शेजारच्या इमारतीतून लोक यायचे. फोटो काढून जायचे आणि जाताना चपलांची धूळ तिथेच सोडायचे. त्यामुळे घाण पुन्हा बनवावी लागायची ती लागायचीच.

* * *

पहिला ब्रश मी घरी आणला. ओट्याखालच्या फरशीवर हळदीचा एक डाग होता, आमच्या आधीच्या कुणीतरी सोडून गेलेला. मी घासलं, घासलं, आणि डाग गेला! आनंदाने नवऱ्याला हाक मारली.

तो आला, वाकला, बोटाने चाचपलं. "डाग गेला खरा. पण इथली फरशीपण गेली की गं!"

खरंच, तेवढ्या जागेवरची चकाकी उडून पांढरा गोल पडला होता. डाग होता तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नव्हता, आता दारातून दिसायला लागला. "बाई, हे क्वार्टर बदलीच्या वेळी मला परत द्यायचंय," नवरा कळवळून म्हणाला. आमची लेक मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीतच देते. ती म्हणाली, "मम्मा, आप पूरा फ़र्श घिस दो ना, फिर सब एक जैसा हो जाएगा!"

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. ते पोटभर हसले, आणि मग मऊ ब्रश शोधायला मला आणि मनजीतला घेऊन बाजारभर हिंडले. प्रत्येक दुकानात ब्रश स्वतःच्या गालावर घासून बघायचे. एका दुकानदाराने आदराने विचारलं, "सरदार जी, दाढ़ी के लिए चाहिए?"

* * *

मॉप तयार झाला. दिसायला काय सुंदर! चमकणारा दांडा, निळी मूठ. चार घरी वापरायला द्यायचे ठरले. म्हटलं, दसरा तोंडावर आलाय, साफसफाईचे दिवस आहेत, झकास! तीन मॉप मनजीतने त्याच्या ओळखीत वाटले. एक मी आमच्या जाधव वहिनींना दिला. वहिनी मूळच्या साताऱ्याच्या, मिस्टर आर्मीत, घर इतकं स्वच्छ की ताट न घेता जमिनीवर जेवावं.

महिन्याने गिल सर स्वतः विचारायला निघाले. पहिल्या घरी मॉप बैठकीच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकसकट उभा. "इतना सोहणा, इतना सुंदर है जी, ख़राब हो जाएगा!" दुसऱ्या घरी मुलाच्या लग्नानंतर सुनेला द्यायचा म्हणून ठेवलेला, आणि मुलगा अजून बारावीत! तिसऱ्या घरी मॉपने पंख्यावरची जळमटं काढत होते. गाडीत सर यादीतलं एकेक नाव खोडत होते.

मी म्हटलं, "सर, हमारी जाधव वहिनी पक्का यूज़ करती होंगी."

वहिनींनी दार उघडलं. मॉप देवघराशेजारी उभा होता. दांड्याला हळद-कुंकू, मुठीला झेंडूची माळ, तीही पार वाळलेली.

"अहो, खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा केली ना, ह्यांचं पिस्तूल, माझं शिलाई मशीन, त्यात हाही ठेवला," वहिनी म्हणाल्या.

"मग नंतर वापरला नाहीत?"

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरात चप्पल घालून शिरले होते. "काहीतरीच काय! पूजेच्या वस्तूने फरशी पुसायची?"

मी हे सरांना हिंदीत समजावलं. सरांनी मॉपला मनापासून हात जोडले. जिना उतरताना मात्र म्हणाले, "अलमारी में तो सिर्फ़ धूल चढ़ती थी, पाटील जी. यहां फूल भी चढ़ गए!"

मला हसू आलं आणि सरांचा चेहरा बघून लगेच विरलं. त्यांची रिटायरमेंट थंडी सरता सरता होती.

* * *

आता शेवटचा किस्सा. याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, पण मी तिथे होते.

जाधव वहिनींकडून आल्यावर सरांनी एकच ऑर्डर सोडली, "इसको बदसूरत बनाओ!" चमक काढली, निळी मूठ काढली. राखाडी दांडा, काळी मूठ, कुणाला शोकेसमध्ये ठेवावासा वाटणार नाही असा एकच मॉप बनवला. दिल्लीहून कमिटी येणार होती. त्यांनी पास केला तर पुढे कारखान्यात जाणार, नाहीतर काचेच्या कपाटात. आदल्या दिवशी आम्ही तो चालवून बघितला आणि वाळायला लॅबच्या दाराबाहेर उभा करून घरी गेलो.

सकाळी धुकं असं की समोरचं झाड दिसेना. कमिटी वेळेवर आली. आणि मॉप नाही!

मी सगळे मजले पालथे घातले. मनजीत गच्चीवर जाऊन आला. गार्डला विचारलं, हाउसकीपिंगला विचारलं, कँटीनमध्ये बघितलं. कुठेही नाही. रडकुंडीला येऊन मी आत गेले आणि सगळ्यांसमोरच सरांना सांगितलं, "सर, मॉप चोरी हो गया."

"चोरी?" सर खुर्चीतून उठले. "पक्का? किसी ने उठाया?"

"पक्का सर. दाराबाहेरून नेला कुणीतरी." घाबरून मी अर्धं मराठीतच बोलले.

कमिटीच्या अध्यक्ष एक कडक बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिस्टर गिल, अब डेमो कैसे होगा?"

गिल सरांचे डोळे भरून आले होते, आणि दाढीतून हसू काही केल्या लपत नव्हतं.

"मैडम जी, डेमो तो हो गया!"

बाईंनी विचारलं, पोलिसात कळवायचं का? सर म्हणाले, अजिबात नाही. ते लॅबमधल्या कपाटाकडे गेले, मॉपची जादा फडकी काढली, एका कापडी पिशवीत भरली आणि त्याच दाराच्या कडीला अडकवून ठेवली. "रोज़ चलेगा तो पुराना कपड़ा घिस जाएगा, फिर बेचारा क्या करेगा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एकदमच पोचलो. फडकी गेली होती. पिशवी मात्र धुऊन, व्यवस्थित घडी करून कडीला अडकवलेली होती!