फोटोपुरती मांडी

संक्रांत जवळ आली की अजूनही माझं डोकं फिरतं. तिळगुळाचा काही दोष नाही. मला नारायण पेठेतल्या त्या अध्यक्षबाई आठवतात.

मी राहायला वारज्याला, पण जीव अडकलेला पुण्याबाहेरच्या एका गावात. तिथे आम्ही एड्सनं आईबाप गेलेल्या मुलींसाठी एक घर चालवत होतो. तेव्हा हिंजवडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला होता, आणि आमच्या मुलींना गावच्या नळावर पाणी भरू देत नव्हते. गावाचं एक वेळ समजू शकते, त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. शिकलेल्यांचं काय करायचं?

अध्यक्षबाई मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका मंडळाच्या. दर संक्रांतीला मंडळाच्या बायका गाडी करून आमच्याकडे वाण लुटायला यायच्या. अनाथांना वाण दिलं की पुण्य जास्त, हे त्यांनीच ठरवलेलं. नवे फ्रॉक, हलव्याचे दागिने, तिळाच्या वड्या. वडी मुलीच्या हातावर वरून टाकायच्या, हाताला हात लागायला नको. फोटोवाला पुढे आला की मात्र त्याच मुलीला ओढून मांडीवर घ्यायच्या. फोटो झाला की साडी झटकत उठायच्या. मी बघायची आणि गिळायची, कारण फ्रॉक चांगले असायचे आणि मुली त्यांची वाट बघायच्या.

आमच्याकडे दोन बहिणी होत्या. थोरलीला आजार नव्हता. धाकटी तो जन्मतःच घेऊन आलेली. थोरली दहावी उत्तम पास झाली आणि पुण्यात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला तिला प्रवेश मिळाला. आता राहायचं कुठे? नाहीतर गावात चुलता तिचं लग्न उरकायला टपलेलाच होता. मला वाटलं, मंडळाचं वसतिगृह आहे, आपलीच माणसं. घेऊन गेले तिला.

ऑफिसात शिरलो तर समोरच्या भिंतीवर मोठा फ्रेम केलेला फोटो. अध्यक्षबाईंच्या मांडीवर धाकटी, शेजारी थोरली, दोघींच्या अंगावर हलव्याचे दागिने.

बाईंनी मुलीला ओळखलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "अहो, यंदा जागाच नाहीये हो."

मागच्या अंगणात कामवाल्या बाई रिकाम्या खाटांच्या गाद्या उन्हात घालत होत्या. मी म्हटलं, "मग त्या गाद्या कुणासाठी तापवताय?"

अध्यक्षबाई खुर्चीत सरकल्या. आवाज खाली घेऊन मला म्हणाल्या, "हिला नाही ना ते?" मुलगी समोर बसलेली, आणि विचारतात मला.

"नाही," मी म्हटलं.

त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग बघता येईल. फक्त कुठून आली ते कुणाला सांगायचं नाही. आणि बहिणीनं इथे पाऊल टाकायचं नाही. आपण समजून घ्या, चांगल्या घरच्या मुली राहतात इथे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शिक्षण तिचं, निर्णय तिचा, म्हणून मी थोरलीकडे बघितलं. तिनं हो म्हटलं असतं तरी मी तिला एका शब्दानं बोलले नसते.

ती फोटोकडे बघत होती. "ती दर रविवारी येनार," ती म्हणाली. "माझ्याबिगर तिला कोन हाय?"

"अगं, तूच जा ना तिकडे भेटायला," बाई गोड हसून म्हणाल्या.

"मग त्या फोटोतनं तिला काढा."

"असू दे गं. किती छान आलाय."

किती छान आलाय म्हणे. या कामात मी पुष्कळ टाकून बोललेलं ऐकलं, पण इतक्या लाडिक आवाजात कधी नाही. मी उठले आणि बोलायचं ते बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

थोरली माझ्याकडे वारज्याला राहिली. सासूबाईंनी तिचा पेला वेगळा ठेवला, तर मी घरातल्या सगळ्यांना त्याच पेल्यातून पाणी द्यायला लागले. पंधरवड्यात विषय मिटला. रविवारी धाकटी यायची आणि दोघी एका गादीवर लोळत पडायच्या.

पौषात फोन वाजला. संस्थेचा फोन माझ्याच घरी होता. थोरलीनं उचलला. पलीकडे अध्यक्षबाई, आवाज असा खणखणीत की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "संक्रांतीला येतोय हो आम्ही. मुलींची मापं कळवा."

तिनं मला हाक मारली नाही. "या की," ती शांतपणे म्हणाली. "पन औंदा मुक्कामालाच या. धाकटीच्या शेजारी गादी घालते. आमच्याकडं जागा हाय."

त्या संक्रांतीला गाडी आली नाही. धाकटीनं मागच्या वर्षीचाच फ्रॉक घातला, मी खालची दुमड उसवून लांब केलेला.